ओव्हरक्लॉकिंग: स्थिर व्होल्टेज आणि तापमान कसे शोधावे

‘सर, साडेचार गिगाहर्ट्झला किती व्होल्ट ठेवू?’ ओव्हरक्लॉकिंगबद्दल विद्यार्थी बहुतेक वेळा पहिला प्रश्न हाच विचारतात. याचे उत्तर एका आकड्यात देता येत नाही. एकाच मॉडेलचे दोन प्रोसेसर एकाच वारंवारतेसाठी वेगवेगळे व्होल्टेज मागतात. शिवाय एका खोलीत जानेवारीत पुरलेले व्होल्टेज त्याच खोलीत मे महिन्यात कमी पडू शकते. म्हणून या पाठात आपण आकडा पाठ न करता तो शोधायची पद्धत पाहणार आहोत. उदाहरणासाठी जागा घेतली आहे कुंडम. जबलपूर जिल्ह्यातले हे तालुक्याचे गाव जबलपूरहून दिंडोरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. आमच्याकडे तिथून मुले शिकायला येतात, आणि घरी त्यांचा डेस्कटॉप एसी नसलेल्या, बहुधा कौलारू खोलीत असतो. जानेवारीच्या रात्री पारा दहाच्या आसपास आणि मेच्या दुपारी ४२ ते ४४ अंश सेल्सिअस, ही या भागाची नेहमीची हवा. तापमानाचा अभ्यास करायला यापेक्षा चांगली जागा कोणती?

‘स्थिर’ म्हणजे नेमके काय

प्रोसेसरच्या आत दोन फ्लिप-फ्लॉपच्या मध्ये लॉजिक गेटची साखळी असते. एका क्लॉक टोल्यावर पहिला फ्लिप-फ्लॉप आकडा सोडतो आणि पुढच्या टोल्याच्या आत तो आकडा साखळीतून दुसऱ्या फ्लिप-फ्लॉपपर्यंत पोहोचावा लागतो. ४.० गिगाहर्ट्झला यासाठी २५० पिकोसेकंद मिळतात, ४.६ गिगाहर्ट्झला सुमारे २१७. लाखो मार्गांपैकी जो सर्वांत लांब पडतो, त्याला क्रिटिकल पाथ म्हणतात. त्याला उशीर झाला की दुसरा फ्लिप-फ्लॉप जुना किंवा अर्धवट आकडा पकडतो.

हा चुकीचा आकडा कुठे पडला यावर पुढचे सगळे ठरते. ऑपरेटिंग सिस्टिमच्या पॉइंटरमध्ये पडला तर निळा पडदा येतो. चित्रपटाच्या एखाद्या ठिपक्यात पडला तर कोणाला कळतही नाही. तुमच्या फायनल इयर प्रोजेक्टच्या सिम्युलेशनमध्ये पडला तर निकाल चुकतो, आणि तोही कोणाला कळत नाही. संगणक ‘हँग होत नाही’ म्हणून तो स्थिर आहे असे मानणारे या तिसऱ्या प्रकाराचा विचार करत नाहीत. या पाठात स्थिर याचा अर्थ आपण असा घेऊ: ज्या सर्वांत वाईट परिस्थितीत हा संगणक वापरला जाणार आहे, त्या परिस्थितीतही प्रत्येक गणिताचे उत्तर बरोबर येणे.

व्होल्टेज वाढवून काय मिळते

व्होल्टेज वाढले की ट्रान्झिस्टर जास्त प्रवाह वाहतो, पुढच्या गेटची धारिता लवकर भरते आणि विलंब कमी होतो. साकुराई आणि न्यूटन यांनी १९९० मध्ये मांडलेल्या मॉडेलप्रमाणे विलंब हा ‘व्होल्टेज भागिले (व्होल्टेज वजा थ्रेशोल्ड) चा अल्फा घात’ याच्या प्रमाणात असतो. लहान ट्रान्झिस्टरसाठी अल्फा २ पेक्षा बराच कमी असतो. आपण थ्रेशोल्ड ०.३५ व्होल्ट आणि अल्फा १.३ धरू.

१.२० वरून १.३५ व्होल्टवर गेल्यास विलंब सुमारे ९ टक्के घटतो, म्हणजे वेग साधारण १० टक्के वाढतो. आणखी ०.१५ व्होल्ट देऊन १.५० वर गेलात तर पुढची वाढ जेमतेम ८ टक्के. उष्णतेचा हिशेब मात्र वेगळा आहे:

गतिज शक्ती = सक्रियता × धारिता × व्होल्टेज² × वारंवारता

इथे व्होल्टेजचा वर्ग आहे, आणि वारंवारताही त्याच वेळी वाढवलेली आहे. मिळकत घटत जाते आणि खर्च वाढत जातो, असा हा व्यवहार आहे.

मग ४.० चा प्रोसेसर १५ टक्के जास्त, म्हणजे ४.६ वर कसा चालतो? उरलेले टक्के येतात कारखान्याने ठेवलेल्या राखीव अंतरातून. प्रोसेसर जुना झाल्यावर, तापल्यावर, स्वस्त मदरबोर्डवर बसवल्यावरही चालावा म्हणून हे अंतर ठेवलेले असते. १९९८ सालच्या सेलेरॉन ३००ए मध्ये ते भरपूर होते. बस ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेली की ३०० चा प्रोसेसर ४५० मेगाहर्ट्झवर जाई, आणि बऱ्याच जणांकडे तो तसा नीट चालेही. आजचे प्रोसेसर स्वतःच तापमान आणि प्रवाह पाहून आपला वेग वाढवतात, म्हणजे राखीव अंतरातला बराच भाग विकण्यापूर्वीच वापरलेला असतो. उरलेल्या थोड्या जागेत आपल्याला काम करायचे आहे.

(तुमचा प्रोसेसर अनलॉक्ड आहे ना, हे आधी पाहा. इंटेलमध्ये नावात ‘के’ असलेले मॉडेल आणि झेड मालिकेचा मदरबोर्ड लागतो. रायझनमध्ये बहुतेक प्रोसेसर अनलॉक्ड असतात, पण ए३२० किंवा ए५२० चिपसेटचा बोर्ड असेल तर हा पाठ फक्त वाचण्यापुरता.)

उष्णतेचे गणित: जानेवारी आणि मे

प्रोसेसरचे तापमान = हीटसिंकला मिळणाऱ्या हवेचे तापमान + (एकूण शक्ती × औष्णिक रोध)

औष्णिक रोध म्हणजे दर वॅटमागे किती अंश वाढ. चांगला हवेचा कूलर, नीट लावलेली थर्मल पेस्ट आणि चिपच्या आतला रोध मिळून आपण तो ०.४ अंश प्रति वॅट धरू. ४.० गिगाहर्ट्झ आणि १.२० व्होल्टला गतिज शक्ती ७५ वॅट आहे असे समजा. ४.६ गिगाहर्ट्झ आणि १.३५ व्होल्टला ती ७५ × १.१५ × १.२६६ = १०९ वॅट होईल. यात गळती प्रवाहाची शक्ती मिळवायची. ट्रान्झिस्टर बंद असतानाही थोडा प्रवाह झिरपतो आणि तापमानाबरोबर तो घातांकी वाढतो. ७० अंशांना गळती २१ वॅट आहे आणि दर ३० अंशांना ती दुप्पट होते असे धरू. हे आकडे एका कल्पित प्रोसेसरचे आहेत. तुमच्या प्रोसेसरचे वेगळे असतील, पण पुढचा युक्तिवाद तोच राहील.

जानेवारीत हवा १८ अंश. १८ + ०.४ × (१०९ + २१) = ७० अंश. झकास.

मे महिन्याच्या दुपारी कॅबिनेटमधली हवा ४० अंश. हवा २२ अंशांनी वाढली, म्हणून प्रोसेसरही २२ अंशांनी वाढून ९२ वर थांबेल असे वाटते. पण ९२ अंशांना गळती २१ वॅट राहिलेली नसते, ती सुमारे ३५ वॅट झालेली असते. जास्त गळती म्हणजे जास्त उष्णता, जास्त उष्णता म्हणजे आणखी गळती. हे समीकरण उत्तर पुन्हा पुन्हा आत घालून सोडवावे लागते. कॅल्क्युलेटरवर चार-पाच फेऱ्यांत ते जवळजवळ १०१ अंशांवर स्थिरावते. हवा २२ अंशांनी वाढली आणि प्रोसेसर ३१ अंशांनी.

हे स्थिरावले तरी का? औष्णिक रोध गुणिले ‘दर अंशामागे गळतीतली वाढ’ हा गुणाकार १ पेक्षा कमी आहे म्हणून. १०० अंशांजवळ गळती दर अंशाला सुमारे एक वॅट वाढते, म्हणजे गुणाकार ०.४ च्या आसपास. हीटसिंक धुळीने भरला आणि रोध दुप्पट झाला तर तोच गुणाकार ०.८ वर जातो, आणि मग हवेतला एक अंश प्रोसेसरमध्ये पाच अंश होऊन दिसतो. कंट्रोल सिस्टिमच्या पेपरात ज्याला धनात्मक फीडबॅक म्हणता, तोच हा. धूळ झटकणे हे ओव्हरक्लॉकिंगचे पहिले पाऊल आहे असे मी वर्गात सांगतो तेव्हा मुले हसतात. कारण हे आहे.

इंटेलच्या बऱ्याच डेस्कटॉप प्रोसेसरची तापमान मर्यादा १०० अंश आहे, रायझन ७००० मालिकेतल्या बहुतेकांची ९५. मर्यादा आली की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. म्हणजे कुंडममधला हा ४.६ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर मेच्या दुपारी तीन वाजता भाराखाली ४.६ चा राहणारच नाही. त्याहून वाईट म्हणजे मर्यादा येण्याआधीच धोका सुरू होतो. या व्होल्टेजच्या पट्ट्यात चिप तापली की इलेक्ट्रॉनची गतिशीलता घटते आणि विलंब वाढतो. ७० अंशांना जेमतेम पुरणारे १.३५ व्होल्ट ९५ अंशांना पुरत नाहीत, आणि प्रोसेसर थांबत नाही, नुसता चुकतो.

आता ४.४ गिगाहर्ट्झ आणि १.२६ व्होल्ट घेऊन पाहा. गतिज शक्ती ९१ वॅट. व्होल्टेज उतरल्यामुळे गळतीही कमी, ७० अंशांना १७ वॅट धरा. ४० अंशांच्या हवेत उत्तर ८६ अंश येते. वेगात साडेचार टक्क्यांहून कमी सोडले आणि १५ अंश वाचले.

आमच्याकडे ‘कूलर’ म्हटले की पहिल्यांदा खिडकीतला वाळ्याचा कूलर डोळ्यांपुढे येतो. कोरड्या मे महिन्यात तो खोली खरोखर गार करतो, त्यामुळे प्रोसेसरलाही मदत होते. मात्र कॅबिनेट त्याच्या झोतात ठेवू नका, कारण झोताबरोबर पाण्याचे तुषार आणि क्षारांची पांढरी भुकटी येते. जुलैत हवा दमट झाली की हा कूलर जवळपास निरुपयोगी ठरतो, तेव्हा त्याच्या भरवशावर सेटिंग ठरवू नये.

दोन वेगळी व्होल्टेज

गावाकडच्या विद्यार्थ्यांच्या मनात एक गोंधळ हमखास असतो. संध्याकाळी लाइन कमी येते, दिवे मंद होतात, म्हणून प्रोसेसरचे व्होल्टेजही हलते आणि स्टॅबिलायझर लावला की ओव्हरक्लॉक स्थिर होईल, असे त्यांना वाटते. भिंतीतले २३० व्होल्ट आणि प्रोसेसरचे १.३ व्होल्ट यांच्या मध्ये दोन नियंत्रक आहेत. एसएमपीएस भिंतीतल्या वीजपुरवठ्याचे स्थिर १२ व्होल्ट करतो. मदरबोर्डवरचा व्हीआरएम त्याचे १.३ व्होल्ट करतो. चांगला एसएमपीएस बऱ्याच कमी लाइनवरही १२ व्होल्ट सांभाळतो. स्वस्त एसएमपीएस मात्र पूर्ण भाराखाली ढेपाळतो, आणि लाइन कमी असेल तर लवकर ढेपाळतो. पैसे असतील तर ते स्टॅबिलायझरऐवजी एसएमपीएसवर घालावेत. वीज वारंवार जात असेल तर यूपीएस हवाच, पण तो चाचणी अर्ध्यावर तुटू नये म्हणून.

खरी हालचाल व्हीआरएमनंतर होते. १३० वॅट आणि १.३ व्होल्ट म्हणजे १०० अँपिअर. वाटेत १ मिलिओहम रोध असला तरी ०.१ व्होल्ट पडतो. बायोसमध्ये १.३५ लिहिलेत आणि भाराखाली १.२५ दिसले तर बोर्ड बिघडलेला नाही. हा उतार बराचसा मुद्दाम ठेवलेला असतो. भार एकदम सुटला की व्होल्टेज क्षणभर वर उसळते. आधीच थोडे खाली असल्यामुळे ती उसळी सुरक्षित मर्यादेत राहते. ‘लोडलाइन कॅलिब्रेशन’ या सेटिंगने उतार कमी करता येतो. ते सर्वांत वरच्या पातळीवर ठेवले की भाराखालचे आकडे छान सपाट दिसतात, पण उसळ्या मोठ्या होतात आणि त्या तुमच्या सॉफ्टवेअरच्या आलेखात दिसत नाहीत. मधली पातळी ठेवा आणि वहीत नेहमी भाराखालचे व्होल्टेज लिहा.

सीमा शोधणे

चिप तपासणाऱ्या प्रयोगशाळांत ‘श्मू प्लॉट’ नावाचा तक्ता काढतात. हे नाव अल कॅप या अमेरिकन व्यंगचित्रकाराच्या १९४८ मधल्या एका गुबगुबीत पात्रावरून आले, कारण तक्त्यातला आकार तसा दिसे. आडव्या अक्षावर वारंवारता, उभ्यावर व्होल्टेज आणि प्रत्येक चौकटीत पास किंवा नापास. तुम्हीही तेच करायचे आहे, चौकटीच्या वहीत.

आधी मूळ सेटिंगवर भाराखालचे तापमान, व्होल्टेज आणि वारंवारता नोंदवा. रॅमचे एक्सएमपी प्रोफाइल या टप्प्यात बंद ठेवा, नाहीतर चूक रॅमची की प्रोसेसरची हे कळणार नाही. मग व्होल्टेज तेच ठेवून वारंवारता १०० मेगाहर्ट्झने वाढवा आणि वीस मिनिटांची चाचणी घ्या. नापास झाले की व्होल्टेज ०.०१ ते ०.०२ ने वाढवा आणि पुन्हा चाचणी घ्या. काही पायऱ्यांनंतर दिसेल की आधी १०० मेगाहर्ट्झसाठी ०.०२ व्होल्ट पुरत होते, आता ०.०५ लागतात आणि तापमान उडी मारते. आलेखातले हे वळण दिसले की मी तिथून एक पायरी मागे येतो आणि पुढे जात नाही. पुढची १०० मेगाहर्ट्झ कोणत्याही प्रोग्रॅममध्ये जाणवत नाहीत, फक्त फुशारकीला उपयोगी पडतात.

चाचणीसाठी प्राइम९५ अजूनही उत्तम आहे, आणि ते का हे समजून घेण्यासारखे आहे. हा प्रोग्रॅम मोठ्या मर्सेन मूळ संख्या शोधण्यासाठी लिहिलेला आहे. तो प्रचंड पूर्णांकांचा गुणाकार फूरिए रूपांतर वापरून दशांश अपूर्णांकांत करतो. शेवटी प्रत्येक उत्तर पूर्णांकाच्या अगदी जवळ यायला हवे. ०.४ पेक्षा कमी फरक अपेक्षित असताना ०.५ आला की कुठेतरी गणित चुकले हे त्याला कळते आणि तो थांबतो. म्हणजे संगणक हँग होण्याची वाट न पाहता तो चूक पकडतो. त्याच्या जोडीला विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘व्हिआ-लॉगर’ या नावाच्या नोंदी पाहा, लिनक्समध्ये ‘डीमेसेज’चा आउटपुट. कॅशमधली चूक दुरुस्त करून काम पुढे गेले असले तरी तिथे नोंद राहते. अशी एक नोंदही मी नापास धरतो.

फक्त जड भाराची चाचणी पुरत नाही. हलक्या कामात एकच कोअर सर्वांत वरच्या वारंवारतेवर जातो, आणि तिथली चूक प्राइम९५ च्या सर्व-कोअर चाचणीत दिसत नाही. रात्रभर चाचणीत टिकलेला संगणक सकाळी ब्राउझर उघडताना पडतो तो यामुळे. दोन-तीन दिवस रोजची कामे करून, संगणक स्लीपमध्ये टाकून, पुन्हा उठवून पाहा.

आणि चाचणी जानेवारीत करत असाल तर? मेसाठी जे तापमान गणिताने आले, ते जानेवारीतच निर्माण करा. कॅबिनेटची बाजू लावा, प्रोसेसरच्या पंख्याचा वेग बायोसमधून उतरवत जा आणि भाराखाली ९० अंशांच्या वर नेऊन तिथे चाचणी घ्या. मर्यादेला टेकू देऊ नका, कारण वेग कमी झालेला प्रोसेसर खोटा पास देतो.

किती तास?

समजा तुमच्या सेटिंगवर सरासरी दर दहा तासांनी एक चूक होते. एक तासाच्या चाचणीत ती न दिसण्याची शक्यता ९० टक्के आहे. उलट बाजूने पाहिले तर टी तास एकही चूक दिसली नाही, तर ९५ टक्के खात्रीने इतकेच म्हणता येते की चुकांचा दर ताशी ३ भागिले टी पेक्षा कमी आहे. बारा तास निर्दोष गेले तरी ‘चार तासांत एकापेक्षा कमी चूक’ एवढीच हमी मिळते! तीन दिवस चालणारे सिम्युलेशन या हमीवर कसे ठेवणार?

इथे नुसते तास वाढवून भागत नाही, अंतर ठेवावे लागते. व्होल्टेज सीमेच्या वर नेले की चुकांचा दर अतिशय वेगाने कोसळतो. म्हणून उष्ण स्थितीत सीमा शोधायची आणि तिच्यावर ०.०२ ते ०.०३ व्होल्ट ठेवायचे, किंवा तेच व्होल्टेज ठेवून १०० मेगाहर्ट्झ खाली यायचे. मला दुसरा मार्ग पसंत आहे, त्यात उष्णता वाढत नाही.

वरची मर्यादा

व्होल्टेज वाढवत राहिल्यास प्रोसेसर लगेच जळतो असे क्वचितच होते, तो हळूहळू झिजतो. धातूच्या बारीक तारांतले अणू प्रवाहाबरोबर सरकतात. त्यासाठी जे. आर. ब्लॅक यांचे १९६९ चे समीकरण तुम्ही व्हीएलएसआयमध्ये शिकाल, आणि त्यात तापमान घातांकात बसलेले आहे. ट्रान्झिस्टरचा थ्रेशोल्डही सरकत जातो. परिणाम असा की कालपर्यंत पुरणारे व्होल्टेज आज पुरत नाही.

याचे मोठे उदाहरण ओव्हरक्लॉक न केलेल्या संगणकांवर घडले. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर अस्थिर होऊ लागले. काही गेम उघडताना ‘व्हिडिओ मेमरी संपली’ असा संदेश येई, त्यामुळे लोक ग्राफिक्स कार्डावर संशय घेत. जुलै २०२४ मध्ये इंटेलने सांगितले की मायक्रोकोडमधल्या सदोष पद्धतीमुळे प्रोसेसर जास्त व्होल्टेज मागत होता. ऑगस्टच्या मायक्रोकोडने ही मागणी १.५५ व्होल्टवर अडवली. सप्टेंबरमध्ये कंपनीने मूळ कारणही दिले. जास्त व्होल्टेज आणि तापमानात कोअरच्या क्लॉक वितरणाचा भाग झिजतो आणि प्रोसेसरला लागणारे किमान व्होल्टेज वर सरकते. झिजलेला प्रोसेसर नव्या मायक्रोकोडने दुरुस्त होत नाही. कंपनीने या प्रोसेसरची हमी दोन वर्षांनी वाढवली. त्याआधी २०२३ मध्ये काही रायझन ७००० एक्स३डी प्रोसेसर जळाले, तेव्हा एएमडीने एसओसी व्होल्टेजला १.३ ची मर्यादा घातली. हे कोअरचे नसून दुसरेच व्होल्टेज होते, आणि काही बोर्ड ते आपोआप वाढवत होते. म्हणून ‘ऑटो’वर ठेवलेल्या सेटिंगचाही प्रत्यक्ष आकडा पाहायची सवय लावा, आणि बायोस अद्ययावत ठेवा.

कुंडमच्या खोलीसाठी मी काय करेन? बायोसमध्ये दोन प्रोफाइल साठवेन. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ४.४ किंवा ४.५. मार्चपासून मूळ वारंवारता, आणि व्होल्टेज मूळच्या खाली जितके उतरेल तितके उतरवून वर ०.०३ चे अंतर. या उतरवण्याला अंडरव्होल्टिंग म्हणतात. सीमा शोधायची पद्धत तंतोतंत हीच आहे, फक्त दिशा उलटी. प्रोजेक्टचे अंतिम निकाल काढताना मात्र दोन्ही प्रोफाइल बाजूला ठेवून मूळ सेटिंगवर एकदा तरी सगळे चालवावे आणि आकडे जुळतात का पाहावे.

सरावासाठी

१. वरच्या उदाहरणातला प्रोसेसर मूळ ४.० गिगाहर्ट्झवर ठेवून व्होल्टेज १.१० केले. गतिज शक्ती काढा. ७० अंशांना गळती १२ वॅट आणि ती दर ३० अंशांना दुप्पट होते असे धरून १८ आणि ४० अंशांच्या हवेत तापमान काढा.

२. हीटसिंकवर धूळ बसून औष्णिक रोध ०.४ वरून ०.६ झाला. ४.४ गिगाहर्ट्झ, १.२६ व्होल्टचे सेटिंग ४० अंशांच्या हवेत कुठे स्थिरावेल? फेऱ्या मारताना उत्तर जवळ येते आहे की दूर पळते आहे, हे प्रत्येक फेरीला लिहा.

३. तीन दिवसांच्या सिम्युलेशनमध्ये एकही चूक न होण्याची शक्यता ९५ टक्के हवी असेल, तर चुकांचा दर ताशी किती असावा? तो निव्वळ चाचणीने सिद्ध करायला किती तास लागतील?